ताईच्या खोलीचं हवामान

आमचे दाजी पडदेवाले. लोकांच्या खिडक्या मोजायच्या, कापडं दाखवायची, पडदे शिवून नेऊन टांगायचे आणि वर "दुकानात हा रंग वेगळा दिसत होता" हे ऐकून घ्यायचं, यात त्यांची उमर गेली. बोलणं जेमतेम. काही विचारलं की आधी खिडकीकडे बघतात, मग उत्तर देतात. तेवढ्यात मी दोन वेळा चिडून घेते.

माझ्या ताईला नसांचा आजार आहे. तो बरा होणारा नाही, पण सांभाळला तर निमूट राहतो. त्याला सोसत नाही तो उकाडा. खोली तापली की ताईच्या पायांतलं बळ जातं, आणि खोली तापलीय हे तिला आधी उमगत नाही, पाय गेल्यावर उमगतं. अशी बाई दिवसभर घरात एकटी. दाजी दुकानात, आणि ही कॉम्प्युटरसमोर बसून शाळा अर्धवट सुटलेल्या मोठ्या माणसांना गणित शिकवणार. मी कितीदा म्हटलं, माझ्याकडे राहायला ये, नाहीतर सोबतीला कुणी ठेव. ताई म्हणायची, "सोबतीण ठेवली की ती मला पाणी आणून देईल, मग चहा आणून देईल, मग माझ्याऐवजी दार उघडेल. मग मी करू काय?" एकटं राहता येणं हे तिच्या लेखी सगळ्यात मोठं होतं. मला ते पटत नव्हतं. दाजींना पटत होतं, आणि ते नुसतं पटवून घेऊन बसले नाहीत.

त्यांच्या धंद्यात मोटरचे पडदे आले होते. बटण दाबलं की पडदा खाली. दाजींच्या डोक्यात आलं, बटणाने खाली येतो तर उन्हाने का येऊ नये? मग त्यांनी साबणाच्या वडीएवढ्या पांढऱ्या डब्या आणल्या. आत दोन सेल, वायर नाही. डबी जिथे ठेवाल तिथली उष्णता आणि दमटपणा थोड्या थोड्या वेळाने हवेत सांगत राहते, आणि टीव्हीशेजारचा एक छोटा खोका ते ऐकून घेतो. खोक्याला सांगून ठेवायचं की अमुक झालं तर तमुक कर. एक डबी गच्चीवर, एक पश्चिमेच्या गॅलरीत, एक न्हाणीघराबाहेर आणि एक ताईच्या खोलीत. गच्ची तापायला लागली की ऊन घरात पोचायच्या आत पश्चिमेचे पडदे उतरायचे. ताईची खोली ठरल्या आकड्यावर गेली की एसी आपोआप सुरू. हे सगळं ते कापड बेतायच्या टेबलावर मोबाईल उभा करून, व्हिडिओ बघून शिकले. कात्री हातात, आणि डोळे त्यात.

सुरुवातीला फजिती झालीच. एकदा मी त्यांच्याकडे आंघोळ करून बाहेर आले तर वाफेने त्या डबीचा गैरसमज झाला आणि बैठकीतले सगळे पडदे सरसर खाली आले. "तिला वाटलं पाऊस आला," दाजी म्हणाले. घरातल्या लहान मुलाची बाजू घेतात ना, तसे.

पण जमलं. एक अख्खा उन्हाळा ताईचे पाय गेले नाहीत. दाजी दुकानातून मोबाईलवर तिच्या खोलीचा आकडा बघायचे आणि मान डोलवायचे. एसीचा रिमोट तर त्यांनी खणात टाकून दिला. आता लागतोय कशाला?

तळमजल्यावर एक निवृत्त पोस्टमन राहतात. त्यांना सगळी बिल्डिंग हवामान खातं म्हणते, कारण ते जिन्यात भेटलं की आधी आकाशाबद्दल बोलतात. दाजींचं बघून त्यांनीही तशीच एक डबी घेतली आणि जिन्याखाली, पाण्याच्या टाकीजवळ टांगली. थंडीत दाजींनी ताईच्या डबीचे सेल बदलायला काढले. हातासरशी हवामान खात्याचेही बदलून दिले. शेजारधर्म! आता या स्वस्त डब्यांची खोड अशी की सेल बदलला की त्या स्वतःचा नंबर बदलतात. खोक्याला वाटतं ही कुणी नवीनच आली. मग मालकाने पुन्हा ओळख करून द्यायची. त्या दिवशी खोक्यात दोन नवे नंबर दिसत होते. दाजींनी एकाला 'ताईची खोली' म्हटलं. थंडीचे दिवस, वर काय नि खाली काय, आकडा सारखाच. कुणाला संशय येणार?

उन्हाळा लागला आणि एका दुपारी ताईच्या विद्यार्थ्याचा मला फोन आला. तो बेकरीत काम करतो, अपूर्णांक शिकत होता. अडीनडीला म्हणून ताईने माझा नंबर त्याला देऊन ठेवला होता. "बाई पाणी घ्यायला उठल्या आणि स्क्रीनवरून खालीच गेल्या. आवाज येतोय, पण त्या दिसत नाहीत."

मी पोचले तेव्हा ताई जमिनीवर पाठ टेकून बसली होती. कपाळाला खोक. खोलीची नुसती भट्टी, पडदे उतरलेले, पण एसी बंद. मी पहिल्यांदा रिमोट शोधून एसी लावला, मग दाजींना फोन करून तोंडाला येईल ते बोलले. ते आले. ताईचं कपाळ पुसलं, तिला पलंगावर घेतलं, आणि मोबाईल माझ्यासमोर धरला. ताईच्या खोलीचा आकडा चोवीस.

"चोवीस? आणि तुम्ही त्यावर विश्वास ठेवलात?"

ते खिडकीकडे बघत राहिले. मग भिंतीवरची डबी काढून मुठीत दाबून धरली. आकडा ढिम्म. मोबाईल माझ्या हातात देऊन म्हणाले, "वाढला की ओरड," आणि जिना उतरले. मी दारात उभी. थोड्या वेळाने आकडा हलला. सव्वीस. मग अठ्ठावीस.

"वाढला!" मी ओरडले.

ते हळूहळू वर आले. जिन्याखाली टाकीजवळची डबी त्यांच्या मुठीत होती. त्यांच्यामागे हवामान खातं, चेहरा पडलेलं. थंडीपासून आमचा खोका ताईची खोली म्हणून जिन्याखालचा गारवा सांगत होता.

दाजी पलंगापाशी खाली बसले. "माझ्या हाताने झालं," म्हणाले. "दुकान भाड्याने देतो. मी घरी थांबतो."

मला वाटलं, सुटले बाई. पण ताई उठून बसली.

"अहो, तुम्ही घरी थांबलात की मी पेशंट," ती म्हणाली. "तुम्ही दुकानात गेलात की मी मास्तरीण. काय ते ठरवा."

"आणि परत पडलीस तर?" मी विचारलं.

"पडेन. गणित चुकलं म्हणून पाटी फोडतात का? कुठे चुकलं ते बघतात."

दाजींनी त्याच संध्याकाळी दोन्ही डब्या टेबलावर ठेवल्या आणि एकीवर मार्करने ठळक खूण केली. ताईच्या खोलीत एका डबीच्या दोन झाल्या. त्यांचे आकडे जुळले नाहीत की खोका भोंगा वाजवतो. रिमोट खणातून निघून ताईच्या हाताशी आला, आणि आकडा दाखवणारी पाटी तिच्या टेबलावर, तिला दिसेल अशी. हे कुणीही केलं असतं. पण दाजींनी आणखी एक केलं. स्वतःच्या मोबाईलवरून ताईची खोली काढून टाकली. मी म्हटलं, वेड लागलंय का? ते म्हणाले, "मी तिकडून बघत होतो म्हणून तिने इकडे बघणं सोडलं."

इतकी वर्षं बायकोवरून जीव ओवाळून टाकणारा माणूस, आणि तिच्यावर नजर ठेवणंच सोडून देतो! माझ्याच्याने झालं नसतं. अजूनही होत नाही.

परवा असंच ऊन रणरणत होतं. मला राहवेना. दुकानात फोन लावला. "दाजी, तिच्या खोलीत किती आहे आत्ता?"

"मला काय माहीत?" दाजी म्हणाले. कात्रीचा आवाज थांबला, हे मला फोनवरही कळलं. "तिचं घर आहे. तिला विचार."

मी ताईला फोन लावला. बराच वेळ वाजला. मी चपला पायात सरकवल्या. मग तिने उचलला.

"तास चालू आहे गं," ती म्हणाली आणि फोन ठेवून दिला.