शेळी इकली न्हाय, रहिमा मावशी

आमच्या शाळेत खिचडी करणाऱ्या रहिमा मावशी आज पहाटं गेल्या.

मला बोलता येतं, हे गावाला त्यांच्यामुळं कळलं.

म्या कधी पोस्ट टाकत न्हाय. लिहिते आन् डिलीट करते. ही ठेवणार.

लोहाऱ्याच्या अलीकडं आमचं गाव. झेडपीची शाळा, पहिली ते चौथी एकाच खोलीत. चार वर्ग चार भिंतींकडं तोंड करून बसायचे आन् बाई एकच. एका भिंतीला पाढे देऊन दुसरीकडं जाईपर्यंत तिसऱ्या भिंतीला मारामारी सुरू.

म्या तिसरीत व्हते. वाचता सगळं यायचं. मनातल्या मनात.

बाईंनी उभं केलं की गळा बंद. ओठ हलायचे, आवाज न्हाय.

सोमनाथ म्हणायचा, "बाई, हिचा रिमोट हरवलाय."

चारी भिंती हसायच्या.

बाई कधी रागावल्या न्हाईत. एकदा जवळ बसून म्हणल्या, "सारिका, इथं मी हाय म्हणून चाललंय. पुढच्या शाळेत तुझ्या मनातलं कोण ऐकणार?"

मला बी त्याचीच भीती व्हती.

मग बाईंनी मला रोज पुस्तक घेऊन चुलीपशी पाठवायला सुरू केलं. "मावशींना धडा वाचून दाखव. तिथं हसायला कोण न्हाय."

खोलीच्या मागं पत्र्याचं शेड. मावशी डाळ निवडायच्या. शाळेचं तोंड त्यांनी लहानपणी कधी बघितलं नव्हतं.

पहिल्या दिवशी म्या नुसते ओठ हलवले.

"बेटा, भात शिजताना बी आवाज करतो. तू त्याच्यापेक्षा बारीक हाईस व्हय?"

मला हसू आलं. हसण्यातनंच पहिला शब्द निघाला.

मावशी ऐकायच्या म्हणजे लई मनापासून ऐकायच्या. "मग? आन् तिचा बाप काय म्हणला?" धड्यातली माणसं जणू त्यांच्या गल्लीत राहत व्हती.

एक धडा व्हता. घरात मीठ सुदीक नसतं, म्हणून एक पोरगी शेळी इकायला बाजारात नेती. पण तिचं काळीज होत न्हाय, अर्ध्या वाटंतनं वळती. वाटंत एक म्हातारी भेटती, शेळीचं दूध घेती आन् मीठ देती.

मधल्या पानाला मावशी हापशावर गेल्या. थांबावं, हे मला कळलं न्हाय. म्या पातेल्याला वाचून दाखवत राहिले.

दुपारी सगळे व्हरांड्यात ताटं घेऊन रांगेत. मावशी वाढता वाढता लेकरांना गोष्ट सांगायल्या.

"...मग काय, पोरीनं शेळी इकली. मीठ घेतलं. रडत रडत घरी आली बिचारी."

"न्हाय!"

कोण वरडलं म्हणून म्या बी मागं बघितलं.

म्याच वरडले व्हते.

मावशी पळी तशीच धरून उभ्या. "न्हाय काय? मग मीठ कुठनं आलं?"

"म्हातारीनं दिलं! दुधाच्या बदल्यात! शेळी तिनं वापस आणली!"

"फुकट कोण मीठ देतं गं?"

"फुकट न्हाय मावशी, दुधाच्या बदल्यात म्हणलं की! तुमी हापशावर गेलता तवा!"

सोमनाथच्या तोंडात घास व्हता. तसाच म्हणला, "आरं, रिमोट घावला!"

"तू गप खा," मावशी म्हणल्या, "न्हायतर आज खरवड मिळायची न्हाय तुला." बुडाला लागलेल्या खिचडीसाठी सोमनाथ कायबी सोडायचा. गप बसला.

बाई दारात उभ्या व्हत्या. शाबास न्हाय, टाळ्या न्हाय. एवढंच म्हणल्या, "सारिका, ते पान वाच. वाद मिटू दे."

एका हातात ताट, एका हातात पुस्तक. म्या वाचलं. सगळ्यांम्होरं. आवाज शेवटच्या ओळीपर्यंत टिकला.

मावशींनी सुस्कारा सोडला. "बरं झालं बाई, इकली न्हाय. मला घास गेला नसता आज."

लोकं म्हणतील मावशींनी मुद्दाम चुकवलं. न्हाय. त्यांना खरंच तसं वाटलं व्हतं. म्हणून तर म्या वरडले.

पुढं सातवीपर्यंत शेजारच्या गावात चालत गेले. आठवीला लोहारा. सकाळची येष्टी भरून यायची, आमच्या फाट्यावर थांबायचीच न्हाय. घरी म्हणले, राहू दे आता. मला कुणी इचारलं न्हाय. आन् म्या बोलले न्हाय. तवापास्नं शिलाई करते.

आज मावशींच्या घरी गेलते. अंगणात गडीमाणसं, आत बाया. बाई बी आल्या व्हत्या, केस पिकलेत आता. मला बघून जवळ बसल्या.

"काय करायलीस गं सारिका?"

माझ्या आधी चुलतीच बोलली. "करती काय, मशीन मारती. शाळा सुटली ती सुटली. तिला तरी कुठं आवड हाय."

म्या नेहमीसारखी खाली बघणार व्हते.

"आवड हाय मला. बाहेरून दहावीला बसायचंय."

जरा मोठ्यानंच निघालं. बाहेर अंगणात दादा उभे व्हते, माझे वडील. त्यांनी आत बघितलं.

वाटलं, आता रागावतील. अशा घरी कुणी असं बोलतं का.

दादा दारापशी आले. म्हणले, "एवढे दिस का बोलली न्हाईस?"

बाईच म्हणल्या, "आता बोलली की. सोमवारी पाठवा माझ्याकडं."

दादांनी मान हलवली.

दुपारी मावशींना नेलं. म्या दारापर्यंत गेले. लई रडले.

मावशी, सोमवारी जायली म्या बाईंकडं.

तुमच्या हातचं खाऊन मोठ्या झालेल्या आम्हा सगळ्या लेकरांचा तुम्हाला शेवटचा सलाम. नीट जावा.