दसऱ्याला मिलिंग मशीन बघायला: धायरी, वाघोली, मांजरी आणि परत

मशीन दसऱ्यालाच घरी यायला हवं, असं सासूबाईंनी जाहीर केलं आणि आम्ही दोघांनी मान डोलावली. गाडी दसऱ्याला घेतली, फ्रिज दसऱ्याला घेतला, मग हेही दसऱ्यालाच. यात काही चुकतंय, हे वाघोलीला पोचेपर्यंत आमच्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

मशीन कसलं, ते आधी सांगते. माझा नवरा मिलिंद हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करायचा. म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या. उन्हाळ्यात कंपनीनं त्याच्या अख्ख्या टीमला निरोप दिला. तेव्हापासून तो घरी असतो, भांडी लावतो, आईला डॉक्टरकडे नेतो आणि बोलत नाही. चिडचिड नाही, भांडण नाही. विचारलं की उत्तर येतं, तेवढंच. गणपतीच्या सुमारास जेवताना तो आपणहून म्हणाला, "एक छोटं मिलिंग मशीन घ्यावं म्हणतोय." पितळेची छोटी इंजिनं करायची, कॉलेजपासून मनात होतं म्हणे. मी लगेच हो म्हटलं. त्या दिवशी त्यानं हत्ती मागितला असता, तरी हो म्हटलं असतं.

पण आमच्या माळ्यावर आधीच एक दुर्बीण आणि एक गिटार आहे. मशीन वाईट निघालं तर ते तिसरं होईल आणि हा माणूस पुन्हा गप्प होईल, ही माझी धास्ती. म्हणून चांगलं मशीन कसं ओळखतात, हे मला समजून घ्यायचं होतं. इंटरनेटवर वाचलं. एक जण म्हणतो, जड ते चांगलं. दुसरा म्हणतो, जडपणावर जाऊ नका. तिसरा म्हणतो, तुम्हाला परवडतं ते घेऊच नका. मिक्सर घेताना मी दुकानात चालवून, आवाज ऐकून घेते. तसंच करू म्हटलं. वर फिरतं कटर, खाली सरकणारं टेबल, टेबलावर धातूचा तुकडा. चालवलं की कळेलच.

सकाळी पूजा आटोपून निघालो. धायरीहून वाघोलीला जायचं असेल तर शहरातून जाऊ नका. कात्रज-कोंढवा रस्त्यानं हडपसर, पुढे खराडी आणि मग नगर रस्ता. खड्डे आहेत, पण सिग्नल कमी. सणामुळे जागोजागी झेंडूचे ढीग होते आणि समोरची प्रत्येक गाडी हार घालून चाललेली, त्यामुळे कुणी कट मारला तरी शिवी द्यायचं मन होत नव्हतं. केसनंद फाट्याजवळ वडापाव खाल्ला. बरा होता, चटणी ओली घ्या.

गोदाम मोठं आणि चकाचक. आयात केलेली छोटी मशीन ओळीनं मांडलेली, प्रत्येकाला हार, प्रत्येकाच्या हँडलला लाल दोरा, टेबलावर हळदकुंकू.

"जरा चालवून दाखवता का?" मी विचारलं.

सेल्समन हसला. "मॅडम, आज? आज शस्त्रपूजा ना. आज मशीन बंद. हात पण नाही लावायचा, मालकांचं स्ट्रिक्टली सांगणं आहे."

"मग लोक घेतात कशी?"

"बुकिंग करतात. मुहूर्त आहे ना आज!"

म्हणजे घ्यायला शुभ दिवस तोच, आणि मशीनच्या सुट्टीचाही तोच. आमच्या घरी आदल्या दिवशी सासूबाईंनी कात्री-विळीला कुंकू लावून बाजूला ठेवलं होतं, तेही आठवलं. मी मिलिंदकडे पाहिलं. तो हार घातलेल्या मशीनकडे पाहत होता.

सेल्समननं मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. त्यात मशीन लोण्यासारखं लोखंड कापत होतं. "सर, हेच मॉडेल. टेन्शनच नाही घ्यायचं." स्थळाचा फोटो दाखवावा तसं वाटलं मला. रंग सुरेख, आकडे सुरेख, किंमत लाखाच्या आसपास. त्यात वाईट काय होतं, ते मला सांगता आलं नसतं. चांगलं काय होतं, तेही नाही. दुपारी दोनपर्यंत फोन करतो म्हणालो आणि निघालो.

दुसरं मशीन जुनं होतं, मांजरीत. आव्हाळवाडीवरून रस्ता आहे, अरुंद, मध्ये थोडा ऊस अजून दिसतो आणि त्याच्या मागे बारा-पंधरा मजली इमारती. पूल ओलांडला की मांजरी. ते विकणाऱ्या शितोळे काकांचा ऊस जिथे होता, तिथे आता सोसायटी आहे, आणि सोसायटीच्या भिंतीला लागून त्यांची शेड. जमीन गेल्यावर काकांनी हौसेनं मशीन घेतलं आणि पितळेचे वीतभर ट्रॅक्टर केले. आता डोळ्यांनी बारीक रेघ दिसत नाही म्हणून विकायचं.

इथेही झेंडू. इथेही कुंकू.

"दसऱ्याला मशीन बघायला आलाय?" काका म्हणाले. "सुट्टीत शाळा तपासायला आल्यावानी झालं की. आज चालवायची न्हाय."

मला रडू यायचंच बाकी होतं. तेवढ्यात ते म्हणाले, "पण हलवून बघा. नमस्कार करताना हात लावतोच की आपण."

"अवो, पूजा मोडंल!" काकू दारातून ओरडल्या.

"मोडत न्हाय. नमस्कारच करत्यात ते."

"एवढा येळ नमस्कार?"

"पुण्याचे हायत. सावकाश करत्यात."

मिलिंदनं खरंच हात जोडले. मग टेबलाची दोन टोकं धरून हलवलं. किंचित खडखडलं. हँडल एका बाजूला फिरवलं, मग उलटं. उलटं फिरवल्यावर हँडल बरंच फिरलं तरी टेबल जागचं हललं नाही, मग हललं.

"टेबलाखालच्या स्क्रूचं आटं झिजल्यात," काका म्हणाले. "डावीकडं जास्त. खालच्या गतीला मोटर दमती. वरचं डोकं एका अंगाला झुकलंय, ते मी कागदाची घडी घालून भागवलंय."

मी मनात म्हटलं, झालं, चला घरी. इतके दोष तर विकणाऱ्यानंच सांगितले! पण मिलिंद खाली वाकला होता. कुठल्या बाजूला झुकलंय, कागद किती जाड, उन्हाळ्यात जास्त होतं का, असं विचारत होता. इतके प्रश्न त्यानं गेल्या कित्येक महिन्यांत मलाही विचारले नव्हते. मी शेडच्या दारात चहाचा कप धरून उभी. मशीन चांगलं की वाईट, मला कळेना. आनंद व्हावा की काळजी वाटावी, तेही कळेना.

परतताना वाघोलीचा फोन आला. मुहूर्त संपत आला होता.

"नको," मिलिंद म्हणाला. फोन ठेवून, मी न विचारता म्हणाला, "वैजू, त्या मशीनमध्ये काय बिघडलंय ते मला माहीत नाही. ह्यात काय बिघडलंय ते माहीत आहे."

"पण बिघडलंय ना?"

"हो. ते शोधता येतं. मला तेच येतं."

घरी सासूबाई आरतीचं तबक घेऊन दारात. आमच्याकडे काकूंनी दिलेली आपट्याची पानं फक्त. "दसऱ्याला काहीच आणलं नाहीत?" त्या म्हणाल्या. मग मिलिंदच्या बोटांवरचं काळं तेल पाहिलं आणि काय वाटलं कोण जाणे, त्यालाच ओवाळलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा मांजरी. हार उतरलेला होता. काकांनी लोखंडाचा तुकडा लावून चालवलं, तर शेड थरथरली. पितळ लावलं, तर बऱ्यापैकी कापलं. मिलिंदनं भाव केला नाही. टेम्पो हडपसरला ठरवा, स्वस्त पडतो. हमाल दोन पुरत नाहीत.

मशीन आता मागच्या गॅलरीत आहे, स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून. मैत्रिणी विचारतात, चांगलं निघालं का? खरंच सांगता येत नाही. नवीन घेतलं असतं तर सुखात असतो का, हेही नाही. घ्यायचं असेल तर एवढंच सांगेन: दसऱ्याला जाऊ नका, आणि जो विकणारा एकही दोष सांगत नाही त्याच्याकडून घेण्याआधी आणखी एकदा जाऊन बघा.

मी खिडकीत पाण्याची वाटी ठेवते. मशीन सुरू झालं की पाण्यावर वलयं उठतात. काल फार उठली. मी कणीक मळत राहिले, दुर्बीण आठवली, गिटार आठवली. आवाज थांबला. मिलिंद हात पुसत दारात आला.

"थरथर डावीकडच्या आट्यांमुळेच आहे," तो म्हणाला. "ये ना, दाखवतो."

कणकेच्या हातानंच गेले. काही कळलं नाही. तो बोलत होता, मी ऐकत होते.