किसनदादाची टाक्यावरची बाग

आईला मुंबईला न्यायचं ठरलं ते माझ्या मनाविरुद्ध.

थोरला भाऊ किसन मुंबईत मलबार टेकडीवरच्या सरकारी बागेत माळ्यांचा मुकादम आहे. मी बीडला मुलांना मराठी शिकवतो आणि शाळेच्या आधी-नंतर खजाना विहिरीच्या पाटावरचा आमचा मळा पाहतो. आईला वाचता येत नाही. दादाची पत्रं मीच वाचून दाखवतो. गेल्या दोन पत्रांच्या शेवटी एक ओळ होती : आईला आता कायमची माझ्याकडे धाड. ती मी वाचली नाही. तिसरं पत्र मी शाळेत असताना आलं. डाकवाल्यानं ते दारातच अथपासून इतिपर्यंत वाचून दाखवलं. संध्याकाळी आई मला रागावली नाही. कधी निघायचं, एवढंच तिनं विचारलं.

दिवाळी आटोपली, सुट्टी उरली होती. आठ दिवस दादाकडे राहायचं, मग तिथंच राहायचं की परतायचं ते आईनं सांगायचं, असं ठरलं. पाटाच्या पाण्याची पाळी सांभाळायला बायको मागं थांबली. आईकडे चारच लुगडी आहेत. तिनं चारही गाठोड्यात बांधली.

बीडहून रेल्वे गाठायची तर जालना. बैलगाडीनं अडीच दिवस धरावेत : पहिला मुक्काम गेवराई, दुसरा अंबड. शेजारचा अमीन बागवान सीताफळं घेऊन जालन्याला निघाला होता, त्याच्या गाडीत पाट्यांच्या मधे आम्हाला जागा मिळाली. रस्ता गेवराईपर्यंत बरा आहे. पुढं काळ्या मातीत चाकं रुततात आणि चढ आला की उतरून चालावं लागतं. शहागडला गोदावरीला अजून बरंच पाणी होतं. माणसं आणि गाडी नावेत घेतात, बैल पोहून येतात.

वाटभर आई अमीनला दादाची बाग सांगत होती. तिनं ती पाहिलेली नव्हती. तिथं नळ फिरवला की पाणी येतं, बाराही महिने येतं, साहेब लोक किसनला विचारल्याशिवाय फूल तोडत नाहीत. हे सगळं पत्रांतलं. माझ्याच आवाजात तिनं ऐकलेलं.

अमीननं बैलांची शेपटी पिळली. "मावशी, तेवढं पानी हाय तर एक पाट इकडं काढाय सांगा की किसनला. माझे पेरू वाळायलेत."

"सांगते," आई म्हणाली. ती थट्टा करत नव्हती.

जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. आपला निजामाचा हाली रुपया मुंबईत चालत नाही. जालन्याच्या सराफाकडूनच त्याचे इंग्रजी कलदार करून घ्यावेत. पुढं बदलून देताना वटाव जास्त कापतात. मनमाडला गाडी बदलते आणि मधे बराच वेळ जातो, तेव्हा भाकरी घरूनच बांधून न्यावी. घाटात बोगदे आले तशी आई दर वेळी माझा हात धरी आणि उजेड आला की सोडी.

बोरीबंदरला दादा आला होता. अंगात कोट, पायांत बूट. त्यानं आईला ट्राममध्ये बसवलं, तिकिटाचा आणा पुढं केला आणि वाटेतली प्रत्येक इमारत बोटानं दाखवली. माझ्याकडे त्यानं गाठोडं दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाग. मुंबई पाहायला येणाऱ्यानं ही चुकवू नये. पैसे पडत नाहीत, चढ मात्र दम काढतो. बागेखाली पाण्याचं मोठं टाकं आहे. शहराचं प्यायचं पाणी त्यात साठतं. टाक्यावर दगडी छत, छतावर माती, मातीवर हिरवळ आणि गुलाबाचे ताटवे. बीडला पाळी असली की मी फावडं घेऊन पाटावर उभा असतो, वरच्या मळ्यातल्या माणसानं बारं वेळेवर मोडून पाणी खाली सोडलं तर बरं म्हणत. इथं लोक पाण्याच्या डोक्यावर बाकं टाकून बसले होते.

दादा आईला झुडपं दाखवत पुढं गेला. मी मागं राहिलो आणि ताटव्यात बोटं घातली. वीतभर माती, खाली दगड लागला. मला बरं वाटलं. मग गुलाबाकडे पाहिलं. एकेक फूल माझ्या पंजाएवढं होतं.

कठड्यापाशी झाडं संपतात आणि समुद्र दिसतो. मी त्याची वर्णनं वाचली होती, मुलांना समजावून सांगितली होती. मी जे सांगत होतो ते यातलं काहीच नव्हतं. आई बराच वेळ बघत राहिली.

"हे बी तुझ्याकडंच हाय का रे, किसन?"

दादा हसला. "न्हाई आई. हे सरकारचं." हे म्हणायला त्यानं थोडा वेळ घेतला.

पुढच्या दिवसांत तो आम्हाला फिरवत राहिला. वाळकेश्वरला बाणगंगेचं तळं आहे. रामानं बाण मारून पाणी काढलं असं सांगतात. समुद्र हाकेच्या अंतरावर, आणि तळ्याचं पाणी गोड. आई ओंजळ भरून प्यायली. आमच्या खजाना विहिरीचीही गोष्ट आहे. कोण्या सरदारानं आलेला सगळा खजिना ही विहीर खणून जमिनीत घातला, आणि तिचं पाणी मोटेशिवाय आपलं आपण मळ्यांपर्यंत येतं. मी ती दादाच्या बायकोला सांगू लागलो. वहिनी इकडचीच, तिनं बीड पाहिलेलं नाही. आई मधेच म्हणाली, "हितं बघ, पायऱ्या किती सारख्या हायेत." माझी गोष्ट तिथंच राहिली.

चौथ्या दिवशी संध्याकाळी चौपाटीवर बसलो होतो. पोरं वाळूत कुस्ती खेळत होती. दादानं फुटाणे घेतले, आईच्या ओच्यात ओतले आणि मला विचारलं, "शंकऱ्या, दोन पत्रं धाडली मी. आईला धाड म्हनून लिहिलं. तू एका शब्दानं उत्तर दिलं न्हाईस. कावून?"

मी काहीतरी बोलणार होतो.

"त्यानं ते वाचलंच न्हाई मला," आई म्हणाली.

"तुला ठाव हुतं?"

"शेवटाला त्याचा आवाज बसला. दोन्ही डाव बसला." तिनं एक फुटाणा सोलला. "मी म्हनलं, सांगंल कवातरी."

दादा माझ्याकडे बघत राहिला. लहानपणी मारायच्या आधी बघायचा तसा. "मग आता तिला न्यायची न्हाई तू," तो म्हणाला.

"तिनं सांगायचं ठरलंय."

"सांगंल की. तीन खोल्यांचं घर हाय, दारात नळ हाय. काय सांगंल?"

नळ खरोखरच दारात होता.

सहाव्या दिवशी मी एकटाच राणीची बाग पाहायला गेलो. जनावरं आहेत, दाट सावली आहे, घरून भाकरी नेली तर दिवस निघतो. तिथं एक दगडी हत्ती उभा केला आहे. तो मूळचा घारापुरीच्या बेटावरचा. विलायतेला न्यायला म्हणून उचलला तेव्हा फुटला, आणि तुकडे इथंच राहिले. आता ते जोडले आहेत. सांधे स्पष्ट दिसतात. कोणाला एवढा हवासा वाटला की त्याचे तुकडे झाले. मी त्याच्यापुढं बराच वेळ बसलो.

परतलो तर वहिनी दारातच हसत होती. "भावजी, आज दिवसभर आईंच्या तोंडून तुमचाच मळा ऐकला. तुमची वांगी, तुमची शाळा, तुमच्या हाताखालची पोरं कशी शहाणी. ह्यांनी शेवटी अर्धं ताट ठेवून दिलं."

त्या संध्याकाळी मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

सातव्या दिवशी मी कुठंच गेलो नाही. आणखी ऐकावं म्हणून घरात बसलो. दादा बागेत कामावर होता. आई दिवसभर वहिनीला दादाचं लहानपण सांगत होती.

आठव्या दिवशी सकाळी आईनं चारही लुगडी घड्या करून बांधली आणि दादाला म्हणाली, "जाते बाबा." त्यानं तिची समजूत काढली, नळ दाखवला. स्टेशनवर तो आला नाही. साहेब बाग तपासायला येणार आहे, म्हणाला. वहिनीनं आम्हाला गाडीत बसवून दिलं. मी खिडकीची जागा आईला दिली आणि तिच्यासमोर बसलो. मी जिंकलो होतो. बोगदे संपेपर्यंत मला धीर निघाला, पुढं निघाला नाही. का परत निघालीस, मी विचारलं.

ती बाहेर बघत होती. "तिथल्या बायांना किसनचं काय सांगू? त्या रोज बघत्यात त्याला. बाग बी बघत्यात, समुद्र बी. त्यांना कशाचंच नवल न्हाई." जरा थांबून म्हणाली, "आपल्याकडं किसनचं नाव काढलं, की बाया भांडी घासायच्या थांबत्यात."



घरी येऊन महिना होतोय. सगळं पाहिलं. बाग, समुद्र, तळं, हत्ती. डोळे मिटले की हत्तीचे सांधे तेवढे दिसतात. आई रोज दुपारी पाटाच्या काठावर बसते आणि बायांना दादाची बाग सांगते. तिच्या सांगण्यात समुद्र बागेच्या कुंपणात आला आहे. एकदा मी मधे बोललो, तिथं माती वीतभरच आहे म्हणालो. आई म्हणाली, "बघा, वीतभर मातीत एवढाली फुलं. आपल्याकडं तर कमरंएवढी हाय."

परवा शाळेतून आल्यावर बायकोला विचारलं, मी घरी नसतो तेव्हा आई माझ्याबद्दल काही बोलते का.

ती भाकरी थापत होती. "तुमच्याबद्दल आत्याबाई काय बोलनार? सांजच्याला येताच की तुमी."

उन्हाळ्याच्या सुट्टीत एकट्यानंच कुठंतरी जाऊन यावं म्हणतो. लांब. आठ दिवस तरी.