बंद टीव्हीतला पाहुणा

दुकानात भिंतभर टीव्ही लावलेले होते आणि सगळ्यांवर एकच चित्र चालू होतं, निळ्या पाण्यात पोहणारे पिवळे मासे. बाबा त्यांच्यापैकी एकाकडेही पाहत नव्हते. ते कोपऱ्यातल्या एका बंद टीव्हीसमोर हात मागे बांधून, मान जराशी वाकडी करून उभे होते.

"काका, तो बंद हाय. इकडचे पाहा, चालूवाले," सेल्समन म्हणाला.

"पाहून राहिलो न," बाबा म्हणाले. "याच्यात सारं दुकान दिसते."

सेल्समन हसला. मीही हसले आणि त्याला सांगितलं की माझे वडील एसटीच्या लाल गाडीचे ड्रायव्हर होते, त्यामुळे कुठे आरसा दिसला की त्यांची मान आपोआप तिकडे वळते. डोक्यावरच्या त्या लांबट आरशात मागची सगळी गाडी पाहत त्यांनी नोकरीची सारी वर्षं काढली. कोण चढलं, कोण उतरलं, कोण कोणाच्या अंगावर झोपलं, हे त्यांना मागे न वळता कळायचं. हिवरखेडची मुक्कामी गाडी त्यांच्याकडे असायची तेव्हा शेवटच्या थांब्यावर सगळे उतरले तरी ते लगेच इंजिन बंद करत नसत. आधी आरशात एकेक सीट पाहून घेत. कोणी झोपलेलं राहून गेलं तर त्याला उठवून, पाणी पाजून, घरच्या वाटेला लावून मग गाडी बंद. हे मी सेल्समनला कौतुकाने सांगितलं. त्याला त्यात काही रस नव्हता.

खरं सांगायचं तर तो टीव्ही मी बाबांसाठी घेतच नव्हते, माझ्यासाठी घेत होते. आई जाऊन चार वर्षं झाली होती. बाबा अकोल्याच्या घरात एकटे, मी अमरावतीला एका कॉलेजच्या ऑफिसात नोकरीला, मीही एकटीच. हिवाळ्यात त्यांनी दोनदा गॅस चालू ठेवला आणि एकदा बाजारातून परत येताना रस्ता चुकून रेल्वे स्टेशनवर जाऊन बसले. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की यांना फार दिवस एकटं ठेवू नका. मी बाबांना म्हटलं, चला अमरावतीला. ते म्हणाले, "तुह्या तिसऱ्या मजल्यावर माह्यासंग बोलन कोन? मी इथंच बरा हाय."

मी फारसा आग्रह केला नाही. माझ्या दोन खोल्या, सकाळची माझी धावपळ, त्यांचे गुडघे, बिनलिफ्टची बिल्डिंग, अशी कारणं माझ्याकडे रांगेने उभी होती. आत कुठेतरी सुटल्यासारखंही वाटलं, आणि त्याची लाज अजून गेलेली नाही. घरातला जुना डबडा टीव्ही तेवढ्यात बंद पडला. मला ते बरंच झालं. नवा टीव्ही घेऊ, त्यांचा दिवस जाईल, म्हणजे ते तिथे राहू शकतील आणि मी इथे. बत्तीस इंची घ्यायला गेले होते, त्रेचाळीस इंची घेऊन आले. वेळ देता येत नव्हता, मग इंच वाढवले.

बसवायला माणूस दुसऱ्या दिवशी आला. त्याने बाबांच्या खुर्चीसमोरच्या भिंतीला ड्रिलने भोकं पाडली, लोखंडी पट्ट्या ठोकल्या आणि टीव्ही अडकवला. मग बाबांना खुर्चीत बसवून विचारलं, "बरोबर हाय का काका?"

"जरा खाली झुकव," बाबा म्हणाले. "अजून. डाव्या अंगानं घे. बस, बस."

टीव्ही तेव्हा अजून चालूही केलेला नव्हता. वायर हातात धरून मी उभी होते. माझ्या मनात आलं, हे काय पाहून सांगताहेत? पण तो माणूस घाईत होता, मला पाचची गाडी धरायची होती, आणि मी स्वभावाने अशी आहे की एकदा कामाला लागले की प्रश्न नंतरवर टाकते. रिमोटची चार बटणं त्यांना शिकवली, बाकीच्यांवर चिकटपट्टी लावली, आणि निघाले.

पुढे रोज फोनवर मी विचारायची, "टीव्ही पाह्यता का बाबा?"

"पाह्यतो न. दिवसभर पाह्यतो," ते म्हणायचे. मला फार हायसं वाटायचं.

एप्रिलच्या शेवटी शेजारच्या भाभींचा फोन आला. भाभींचा नवरा कूलर दुरुस्त करतो. आमच्या घराची एक किल्ली त्यांच्याकडे असते आणि दुपारचा डबाही त्याच देतात. भाभी एरवी खूप बोलतात. त्या दिवशी मात्र अडखळत होत्या.

"दीदी, बुरा मत मानना. बाबा दोन कप चाय मांडते. रोज. एक खुद पीते, एक टीव्हीच्या खाली ठेवते. वो वैसाच थंडा होते."

"टीव्ही पाहता पाहता विसरत असतील," मी म्हटलं.

"टीव्ही तो मैंने कभी चालू देखाच नाही," भाभी म्हणाल्या.

मी फोन ठेवला. भर उन्हातली दुपार, ऑफिसात माणसं जेवणाचे डबे उघडून बसलेली, आणि मी घामेजलेले हात पदराला पुसत होते. दिवसभर पाह्यतो, असं ते मला महिनाभर सांगत होते. शनिवारी मी जवळच्या बडनेरा स्टेशनवरून सकाळची गाडी धरली.

घरात शिरले तेव्हा कूलर चालू होता, खिडक्यांना चादरी लावलेल्या होत्या, आणि उजेड होता तो फक्त मागच्या अंगणाच्या दाराचा. बाबा खुर्चीत बसलेले, समोर काळाभोर टीव्ही. खाली स्टुलावर चहाचा कप होता आणि त्यावर साय धरलेली.

"हळू बोल," ते म्हणाले. "पाहुना बसून हाय."

माझ्या मनात पहिलं आलं ते आईचं. लपवत नाही, मला ते हवंसंच वाटलं. वाटलं, यांना आई दिसत असेल तर दिसू दे, त्यात कोणाचं काय बिघडतं.

"आई हाय का?" मी विचारलं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं ते येडी झाली का, अशा नजरेने. "तुही माय कायले येईन? म्हातारा हाय एक. मांगच्या सीटवर बसते. आखरी थांबा झाला, सारे उतरले, हा काही उतरत नाही. बोलत बी नाही. बिडी तेवढी पेटलेली राह्यते त्याची."

टीव्हीच्या खालच्या कडेला तांबडा ठिपका होता, बंद टीव्हीला असतो तोच. मी ते समजून घेतलं, आणि तरी मला तिकडे पाहायची भीती वाटली.

"मंग टीव्ही चालू काहून नाही करत?"

"चालू केला का तो उठून जाते. आपल्या घरी आलेल्या मानसाले असं उठवनं बरं दिसते का? चहा तरी पिऊ दे त्याले."

ते अंघोळीला गेले तेव्हा मी त्यांच्या खुर्चीत बसून पाहिलं. काचेत सगळी खोली होती. कपाट, कॅलेंडर, अंगणाचं दार, दारात वाळत घातलेला टॉवेल. त्यांनी त्या माणसाला टीव्ही झुकवायला लावला होता तो हे सगळं नीट दिसावं म्हणून. आणि मधोमध खुर्चीत एक आकृती होती. उजेड पाठीमागून येत असल्यामुळे तिला खांदे होते, मान होती, हात होते, तोंड नव्हतं. मी मान हलवली, तिनेही हलवली. ती मीच आहे हे मला पक्कं माहीत होतं, तरी मी तिथे मिनिटभरही बसू शकले नाही.

तेव्हा मला उलगडा झाला. भूत परवडलं असतं. बाबांना त्यांचं स्वतःचं अंग ओळखू येत नव्हतं. दाढीच्या छोट्या आरशात गाल दिसतो, तेवढा त्यांना कळायचा. पण खुर्चीत वाकून बसलेला, खांदे पडलेला हा अख्खा म्हातारा त्यांनी कधी पाहिलेलाच नव्हता. त्यांच्या मते ते अजून पुढच्या सीटवर होते.

मला राग आला की मी सरळ बोलून टाकते. बाबा बाहेर आल्याबरोबर मी त्यांना खुर्चीत बसवलं आणि म्हटलं, "बाबा, तो तुमीच हाय. तुमचीच सावली हाय काचेत. हात वर करा बरं."

त्यांनी हात वर केला. काचेतल्यानेही केला.

"पाह्य," बाबा खूश होऊन म्हणाले, "आज पहिल्यांदा रामराम केला त्यानं."

मी आतल्या खोलीतून चादर आणली आणि टीव्हीवर टाकली. वाद मिटवायची माझी हीच तऱ्हा आहे. मी स्वयंपाकघरात वरण फोडणीला टाकलं, भाकरीचं पीठ घेतलं. दहा मिनिटं झाली असतील. बाहेर भाभींचा आवाज आला म्हणून आले तर खुर्ची रिकामी, पुढचं दार सताड उघडं.

भाभींनी त्यांना कोपऱ्यावरून धरून आणलं होतं. पायात चप्पल नाही, डोक्याला काही नाही, अकोल्याचं दुपारी एकचं ऊन. तळवे लालबुंद झाले होते. भाभींची ओढणी त्यांच्या डोक्यावर होती.

"तो गेला," बाबा मला म्हणाले. "अशा उन्हात कुठी गेला असन तो? त्याले घर सांगता येत नाही, बेटा. तुनं काहून उतरवला त्याले?"

मी त्यांचे पाय पाण्यात धरले. भाभींनी कांदा किसून आणला आणि तळव्यांना चोळला. आपण फोनवर नुसतं विचारत राहिलो याची मला तेव्हा भयंकर चीड आली, स्वतःचीच. मग मी उठून चादर काढली. बाबांनी काचेकडे पाहिलं, मोठा श्वास सोडला आणि पाठ टेकली.

भाभी गेल्या. वरण करपलं होतं, ते तसंच राहिलं. मी प्लॅस्टिकची खुर्ची ओढून बाबांच्या अगदी शेजारी बसले आणि त्यांचा हात हातात घेतला. कूलरच्या पाण्याची धार तेवढी ऐकू येत होती. काचेत आता दोघं होते, बिनतोंडाचा म्हातारा आणि त्याच्या बाजूला बिनतोंडाची बाई. मला परत तीच भीती वाटायला लागली, पण या वेळी मी उठले नाही. बाबा त्या दोघांकडे बराच वेळ पाहत राहिले. त्यांचा चेहरा निवळत गेला.

"बरं झालं बापा," ते काचेतल्या म्हाताऱ्याला म्हणाले. "तुही पोरगी आली न्याले. मी म्हनो, याचं कोनी हाय का नाही."

मी त्यांचा हात जरा दाबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांची नजर काचेवरच होती.

"मले बी एक हाय," ते म्हणाले. "अमरावतीले असते. तिले सुटी नाही भेटत." मग पुढे वाकले आणि परक्या माणसापुढे घरच्याची बाजू सावरून घ्यावी तशा आवाजात म्हणाले, "पन लय चांगली हाय हो. हा टीव्ही तिनंच घेऊन देल्ला."