साखर तीनदा दिली होती

उत्तमरावांच्या ओठांना साखर चिकटलेली होती. धाड गावाहून जीपमध्ये घालून त्यांना माझ्या बुलढाण्याच्या दवाखान्यात आणलं, तेव्हा ते बेशुद्ध होते. बोट टोचून रक्तातली साखर पाहिली. अठ्ठावीस. शंभराच्या आसपास हवी.

शिरेतून ग्लुकोज सुरू केलं. उत्तमराव शिंपी होते. दुपारी मधुमेहाच्या गोळ्या घेऊन ते जेवायला बसले, तेवढ्यात गिऱ्हाईक आलं आणि दोन घासांवर उठून मशीनवर बसले. मग घाम सुटला, जीभ जड झाली.

“तुमच्या चिठ्ठीत होतं तसंच केलं, डॉक्टरसाहेब,” त्यांच्या पत्नी चंद्रभागाबाई म्हणाल्या. “तीनदा साखर देल्ली. मंग त्याइले झोप लागली, त मले वाटलं बरं वाटून राह्यलं असन.”

ती झोप नव्हती. तिसऱ्या दिवशी उत्तमराव गेले.

ते एका औषधाच्या अभ्यासात, म्हणजे पेशंटवरच्या चाचणीत, होते. तो अभ्यास माझ्याकडे चालू होता. आपण खातो ती साखर म्हणजे दोन कणांची जोडी. आतड्यात ती जोडी तुटते, मगच साखर रक्तात जाते. हे औषध ते तोडणंच लांबवतं, त्यामुळे जेवणानंतर साखर एकदम चढत नाही. औषध वाईट नाही. आमच्या आकड्यांतही गुण दिसला. पण सोबत साखर उतरवणारी दुसरी गोळी असली, जशी उत्तमरावांना होती, आणि साखर फार उतरली, तर घरातली साखर वेळेवर कामी येत नाही. सुट्या कणांची ग्लुकोज पावडरच द्यावी लागते. अभ्यासाच्या पुस्तिकेत हे लिहिलेलं होतं. मी ते वाचलंही होतं.

माझ्या दवाखान्यातली छापील चिठ्ठी मात्र जुनीच होती: ‘घाबरल्यासारखं झालं तर साखर खा.’ वर्षानुवर्षं प्रत्येक पेशंटला तीच देत होतो. अभ्यासातल्या पेशंटनाही तीच दिली.

मृत्यूनंतर फॉर्म भरायचा होता. घटनेचा औषधाशी संबंध आहे की नाही, असा एक रकाना होता. औषध कंपनीच्या माणसाचा फोन आला.

“सर, पेशंटला उशिरा आणलं ना?”

“उशिरा आणलं.”

“मग ‘नाही’वर टिक करायला हरकत नाही.”

मी टिक केली. खाली कारण लिहिलं: घरच्यांनी उशिरा आणलं. चिठ्ठीचा उल्लेख केला नाही. अभ्यासाच्या अहवालात शेवटी एक ओळ आली, की औषधाशी संबंधित एकही गंभीर घटना घडली नाही. ती ओळ मी केलेल्या त्या खुणेवर उभी आहे.

दवाखाना कायमचा बंद केल्यावर, फार वर्षांनी, मी धाडला गेलो. चंद्रभागाबाईंना सगळं सांगितलं. चूक तुमची नव्हती, चिठ्ठी चुकीची होती आणि ती माझी होती, असं म्हणालो. त्यांनी माझ्यापुढे चहा ठेवला होता. त्यांनी स्वतःचा कप हातात घेतला.

“मंग मी आजपर्यंत चहात साखर घेतली नाही,” त्या म्हणाल्या, “ते काऊन?”



परत येऊन कंपनीला लेखी कळवलं. अभ्यास बंद झाला आहे, नोंदी आता बदलता येत नाहीत, असं उत्तर आलं. म्हणून ही नोंद इथे केली. गोळी बदलली की चिठ्ठीही बदलायची असते. एवढंच काम होतं.