साफ केलेला उतार

मुकादमाने वाकून आवळ्याचं रोप धरलं तर ते मुळासकट हातात आलं. खोड वाळून काडी झालेलं. दुसरं उपटलं, तेही तसंच. तिसऱ्याचा शेळीने नुसता खुंट ठेवला होता.

"अख्खी ओळ गेली ना गं बायांनो! परवा साहेब येणार. त्यांना काय दाखवू?"

"तुम्हीच म्हनलात साफ करा," मी म्हणाले. "झालं साफ."

चैत्र संपत आला होता. पेठच्या बाजूला आमच्या गावामागचा तो उतार गुरांनी कधीच ओरबाडून खाल्लेला. चांगलं गवत संपलं होतं. उरलं होतं ते गुरं तोंड लावत नाहीत असलं, कुसळी, टाकळा आणि करवंदीच्या जाळ्या. त्यात आम्ही पावसाळ्यात रोजगार हमीवर रोपं लावली. जगली तर पुढेही तिथेच काम मिळणार होतं. मेली तर काम बंद, आणि पोरीला घेऊन दिंडोरीकडे द्राक्षबागांत छाटणीला जायचं, पालात राहायचं. मागच्या वर्षी तिथे पोरगी तापाने मरता मरता वाचली होती. मला परत जायचं नव्हतं. झाडांशी माझं काम होतं ते एवढंच.

श्रावणात गवत रोपांच्या डोक्यावरून गेलं. रोपं पिवळी पडली, दोऱ्यासारखी बारीक झाली. निंदणं भागच होतं, त्यात मुकादमाचं काही चुकलं नाही. पण तो मखमलाबादकडचा, गुलाबाच्या मळ्यात वाढलेला. तिथे वाफ्यात गवताची काडी दिसली की मालक ओरडतो. तो म्हणाला, साफ करा. आम्हीही अंगण झाडावं तसा उतार झाडून काढला. दसऱ्याला मोठा छान दिसत होता. एकेक रोप दुरून दिसायचं. शेळ्यांनाही दिसलं. त्यांनी सोडली ती उन्हाने नेली, कारण सावलीला आम्ही एक पान ठेवलं नव्हतं.

सासूकडे कडेची ओळ होती, करवंदीच्या जाळ्यांना लागून. जाळी आली की ती विळा खाली ठेवून मिशरी लावायला बसायची. मन झालं तर दोन मुठी गवत उपटायची आणि तिथेच टाकायची.

"आजीबाई, जाळीतलं कोण काढणार?" मुकादम ओरडायचा.

"तुझी आई. काटा मोडला तं तू काढशील व्हय?"

तिच्या वाटणीच्या शिव्या मी खायचे.

त्या दिवशी मुकादम तिची ओळ बघायला गेला, तो तिला फैलावर घ्यायलाच. जिथे तिने गवताला हातच लावला नव्हता तिथली रोपं गवताखाली कुजून गेली होती. मग त्याने काठीने करवंदीची जाळी बाजूला केली. आत आवळा उभा, हिरवागार. पुढच्या जाळीतही तसाच. बुडाशी तिने टाकलेलं गवत वाळून पडलं होतं आणि त्याखालची माती अजून मऊ होती.

"बघ," सासू म्हणाली, "म्या जीव लावला म्हनून जगली."

"आत्याबाई, तुमी मिशरी लावत बसला व्हता."

"मिशरी लावली तरी जगली ना? तू लय घाम गाळलास. तुझी कुठं हायेत?"

कामचुकारपणा केला तिने, आणि गावभर मिरवलीही तीच.

साहेब आले, उतार बघितला, जाळ्याही बघितल्या. म्हणाले, कडेच्या चार झाडांना लागवड म्हणत नाहीत. काम बंद झालं. आठ दिवसांत मी भांडी बांधली आणि आम्ही दिंडोरीला गेलो, सासूसकट. वाटभर तिचं आवळेपुराण चालू होतं.

पालात पोरीला पुन्हा ताप आला. ती जगली. जाळीतले आवळेही जगले. उतारावर दुसरं काही जगलं नाही.