पॉवर बढ़ा दो, भिया!

आमच्या पंपखोलीत दोन गोष्टी आपोआप साठतात. डिझेलच्या टाकीच्या तळाशी गाळ, आणि किस्से. गाळ आम्ही दर शनिवारी काढतो. किस्से मात्र काढायला कुणी बसलं की चहा थंड होतो, गिऱ्हाईक खोळंबतं आणि काम राहतं बाजूला! तरी आज बसलोच आहोत, तर ऐका.

देवासला बायपासला लागून आमचं वर्कशॉप आहे. वडिलांनी कारखान्यातली नोकरी सोडून सुरू केलं, आता मी बघतो. डिझेल इंजिनाला मोजून, नेमक्या वेळी, जोराच्या दाबाने डिझेल देतो तो पंप. आम्ही तो उघडतो, दुरुस्त करतो आणि हल्ली जास्त करून ‘वाढवून’ देतो. म्हणजे आत डिझेल ढकलणारे दट्टे असतात, आम्ही त्यांना एलिमेंट म्हणतो, ते मोठे बसवायचे, इंजिनात डिझेल फवारणारे नोझल बदलायचे, की तेच इंजिन दुप्पट जोशात चालल्यासारखं वाटतं. ट्रॅक्टरवाला येवो की हार्वेस्टरवाला, बोलणं एकच. “भिया, पॉवर बढ़ा दो!”

माझ्यासोबत यासीनचाचा. वडिलांच्या वेळेपासूनचे मिस्त्री, सत्तरी गाठलेले. वडील जुन्या वळणाचं मराठी बोलायचे, चाचांनी तेच उचललं. माझी मुलगी हिंदी शाळेत शिकलेली. परवा दप्तर घेऊन निघाली आणि म्हणाली, “चाचा, मी जा रही आहे!”

चाचा पाना खाली ठेवून म्हणाले, “बाळ, जाते म्हणू नये. येते म्हणावं!”

•

बागलीचा एक शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आला. तक्रार काय, तर घाटात त्याचा साला भरलेली ट्रॉली घेऊन त्याला मागे टाकतो. वर गेला की थांबतो, खाली उतरतो आणि हात हलवतो!

“वो हाथ हिलाना बंद कराना है,” म्हणाला.

आम्ही पंप उघडला, मोठे एलिमेंट बसवले, टेस्ट बेंचवर, म्हणजे पंप तपासायच्या यंत्रावर, लावून माप जुळवलं. तो आनंदात गेला. पंधरा दिवसांनी परत आला, तोंड एवढंसं.

“भिया, थोड़ा कम कर दो.”

मला वाटलं, इंजिन तापतंय. म्हटलं, “क्यों? घाट नहीं चढ़ रहा?”

“घाट तो चढ़ रहा है,” तो म्हणाला, “चूल्हा नहीं चढ़ रहा! उसका भाई हारा है, तब से घरवाली चाय तक नहीं दे रही!”

आम्ही केलं कमी. जाताना चाचा त्याला म्हणाले, “साल्याला एकदा पुढे जाऊ द्या. आणि हात तुम्हीच हलवा.”

•

धारच्या आत्याबाई, म्हणजे वडिलांच्या थोरल्या बहीण, एकदा वर्कशॉप बघायला आल्या. नऊवारी सावरत त्या टेस्ट बेंचसमोर स्टुलावर बसल्या. बेंचवर पंप फिरवला की त्याचं डिझेल समोरच्या काचेच्या नळ्यांत पडतं. सगळ्या नळ्या सारख्या भरल्या पाहिजेत. एखाद्या नळीत कमी म्हणजे तो सिलिंडर उपाशी, आणि इंजिन लंगडतं.

मी बघितलं, चाचांनी बघितलं. दोघंही म्हणालो, “बरोबर!”

मागून आत्याबाई म्हणाल्या, “अनंता, तिसरीत कमी आहे रे.”

मी हसलो. म्हटलं, “आत्याबाई, हे मशीनचं काम आहे.”

“असेल. तिसरीत कमी आहे.”

चाचा चष्मा लावून नळीला नाक लावेपर्यंत वाकले. आणि सरळ होत म्हणाले, “ताईसाहेबांचं खरं आहे.”

केसाएवढा फरक होता! मी विचारलं, “तुम्हाला कसं कळलं?”

“सहा भावंडांना रोज दूध वाटलंय मी,” आत्याबाई म्हणाल्या. “पेला बघितला की कळतं, कोण रडणार ते!”

•

बदनावरचे एक सोयाबीनचे व्यापारी. त्यांचा ट्रॅक्टर आम्ही असा बनवून दिला की चाचा स्वतः खूश. आवाज गोल, धूर जवळजवळ नाही. शेठजी एक्झॉस्टकडे बघत उभे राहिले.

“धुआँ कहाँ है?”

चाचांनी समजावलं, काळा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल, ती ताकद नव्हे, नासाडी. शेठजींना पटेना. “गाँव में कोई मानेगा नहीं! भतीजे की बारात इसी पर निकलनी है. धुआँ चाहिए!”

शेवटी शेठजींनी तिकडेच कुणाकडून तरी डिझेल वाढवायचा स्क्रू फिरवून घेतला. वरात निघाली. नवरदेव ट्रॅक्टरवर, चार मित्र मडगार्डवर, आणि ड्रायव्हरने दर चौकात रेस मारलेली. मुलीच्या दारात ट्रॅक्टर थांबला तेव्हा पाचही जण एका रंगाचे झाले होते. फेटे काळे, शेरवान्या काळ्या, चेहऱ्यांवर फक्त डोळे!

नवरी हार घेऊन पुढे आली आणि थांबली. हळूच आपल्या भावाला म्हणाली, “भैया, इनमें से अपने वाले कौन से हैं?”

•

आता लोक इंजिनाचा आवाज मोबाइलवर पाठवतात. चाचा फोन कानाला लावतात, डोळे मिटतात आणि रोग सांगतात. दहापैकी नऊ वेळा बरोबर!

एकाचा आवाज ऐकून म्हणाले, “पंप ठीक है. फॅनबेल्ट बदलो, चीं-चीं कर रहा है.”

संध्याकाळी त्याचा मेसेज आला. “चाचा, नया बेल्ट डाल दिया, आवाज़ बंद नहीं हुई. फिर बकरी को हटाया, तब बंद हुई.”

सगळे हसले. चाचाही हसले, पण थोडं उशिरा. तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्यांना मेसेज मी दोनदा वाचून दाखवला होता.

मग मी बघायला लागलो. चाचा आता इंजिनाजवळ कान नेत नव्हते. पंपापासून नोझलपर्यंत जे लोखंडी पाइप जातात, त्यांवर बोटं ठेवायचे. नाडी बघावी तशी. आणि सांगायचे, चौथ्या सिलिंडरचं डिझेल उशिरा येतंय. आणि ते खरंच उशिरा यायचं! किती दिवस हे चाललं होतं, कोण जाणे. मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं शेजारी उभा राहून मला पत्ता नाही!

त्यांना घेऊन इंदूरला गेलो, कानाचं मशीन घेतलं. दुसऱ्या दिवशी चाचांनी ते लावलं आणि हार्वेस्टरचं इंजिन सुरू करायला सांगितलं. मी बाजूला उभा. चाचांचा चेहरा आधी उजळला, मग आक्रसला. त्यांनी खूण करून इंजिन बंद करवलं.

“काय झालं चाचा? त्रास होतोय?”

“इंजिनाचा नाही,” चाचा म्हणाले. “अनंता, तू नेहमी एवढा ओरडून बोलतोस?”

मशीन डबीत गेलं. चाचांची बोटं पाइपवर. हार्वेस्टर त्याच दिवशी गेला, आणि तक्रार आली नाही.

•

आणि हा एक. हा मी सहसा सांगत नाही.

मनावर गावाहून एक बोअरिंगची गाडी आली. जमिनीत भोक पाडायला हवा मारणारं मोठं सहा सिलिंडरचं इंजिन. दुसऱ्या गावात कामाला पोचायचं, म्हणून मालक घाईत. चाचा जुम्म्याच्या नमाजाला गेलेले. मी म्हटलं, आपण काय लहान आहोत? सगळा पंप एकट्याने बांधला. सहाही एलिमेंट मोठे. बेंचवर फक्त माप बघितलं, मग गव्हर्नर, म्हणजे इंजिनाचा वेग आवरणारा भाग, घाईत जोडून पंप थेट गाडीवर चढवला. चाचा परत आले तेव्हा मी रुबाबात चावी फिरवत होतो.

इंजिन लागलं. काय आवाज! मालक खूश. मग आवाज वाढला. मी काही केलं नव्हतं, तरी वाढला. आणखी वाढला. मी चावी बंद केली. इंजिन बंद होईना. बंद करायचा दांडा ओढला. होईना! इंजिन सुटलं होतं. अख्खी गाडी थरथरायला लागली, फळीवरचे पाने खाली पडले, मालक बायपासच्या पलीकडे पळाला. अशा वेळी इंजिन फुटतं आणि तुकडे गोळीसारखे सुटतात, हे मला पुस्तकात वाचून ठाऊक होतं. त्यापुढचं काही आठवेना.

चाचा ऑफिसात धावले. भिंतीवरून माझ्या डिप्लोमाची फ्रेम ओढून काढली. आईने हौसेने मढवून घेतलेली, पाठीला जाड प्लायवूड. हवेचा फिल्टर मी काढून ठेवलेला होता, त्यामुळे इंजिनाचं तोंड उघडंच होतं. चाचांनी त्या तोंडावर प्लायवूडची बाजू दाणकन् दाबली आणि अंग टाकून धरली. इंजिनाने फ्रेम आत ओढली, दोन आचके दिले, घुसमटलं आणि गप्प झालं.

मला कानात फक्त शीळ ऐकू येत होती. चाचा टेबलाकडे गेले. माझ्या चहाच्या बशीत गव्हर्नरची एक पिन पडली होती. जोडायची राहिलेली. त्यांनी ती उचलली, फडक्याने पुसली आणि माझ्या तळहातावर ठेवली.

मग फ्रेमवरची काळी धूळ बाहीने झटकली. काचेला तडा गेला होता. ती परत खिळ्याला लावून, वाकडी झालेली सरळ करत म्हणाले,

“तुझे वडील नेहमी म्हणायचे, ‘यासीन, पोराचा डिप्लोमा एक दिवस उपयोगी पडेल बघ!’”